सकाळ-संध्याकाळ दोन थेंब

बुधवार, १२ फेब्रुवारी

ती. ताईंना नमस्कार.

काल दुपारी इथे सुखरूप पोचलो. लाँचमध्ये मला दोनदा उलटी झाली, ह्यांना एकदाही नाही. आल्यापासून ही बातमी ह्यांनी चार जणांना सांगितली आहे, तेव्हा तुम्हालाही माझ्याकडूनच कळलेली बरी.

मोबाईलला इथे रेंज नाही. असती तरी तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला परक्या ठिकाणी ओरडून बोलायची लाज वाटते. त्यामुळे पत्र. लाँच रोज सकाळी एकदा येते आणि टपाल घेऊन जाते.

जागा छान आहे. एका मालकीणबाईंच्या तीन खोल्या आहेत, त्यांतली कडेची आमची. सध्या पाहुणे म्हणून आम्ही दोघंच. बाई एकट्या राहतात आणि दिवसभराचं बोलणं जेवण वाढताना उरकून घेतात. खोलीत दोन खाटा, एक टेबल, एक खिडकी. खिडकीखाली लगेच वाळू. किनारा ह्या टोकाच्या खडकापासून त्या टोकाच्या खडकापर्यंत रिकामा. सकाळी तीन होड्या येतात, मासे उतरवून जातात, की मग दिवसभर खेकडे आणि आम्ही. दुकानं नाहीत, छत्र्या-खुर्च्या नाहीत, गाणी लावणारं कुणी नाही. पाणी इतकं नितळ आहे की गुडघ्याएवढ्या पाण्यात पायाची बोटं दिसतात. मी आज तासभर नुसती उभी होते. बावीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले, पण उभं राहण्यात सुख असतं हे आज कळलं.

आता तुमच्या भावाचं, टिक्याचं, सांगते. हत्यारांची पेटी मी मुद्दाम घरी ठेवली होती. ती ह्यांनी टॉवेलात गुंडाळून आणली. जेवणघराच्या भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ आहे, किती वर्षांपासून सव्वाचारला बंद पडलंय ते बाईंनाही आठवत नाही. झालं! आज सकाळी चहा व्हायच्या आत घड्याळ खाली उतरलं, डोळ्याला भिंग लागलं आणि समुद्राकडे पाठ करून स्वारी बसली.

मी म्हटलं, "अहो, बाहेर या ना. समुद्र बघा."

"बघितला की काल."

"आज परत बघा."

"अगं, तो काय कुठे पळून जातोय? पुढच्या वर्षी येऊ परत."

घड्याळजीला घेऊन सुट्टीवर जावं आणि त्याने घड्याळ दुरुस्त करू नये, अशी अपेक्षा करणारीच वेडी.

डोळ्यांचं म्हणाल, तर काचबिंदू आहे तसा आहे. पुढच्या बुधवारी ऑपरेशन. मंगळवारी संध्याकाळी आम्ही इथून परस्पर हॉस्पिटलमध्येच येऊ. तोवर आराम करा, शांत कुठेतरी जाऊन या, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. थेंब सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. अलीकडे थेंब झोंबतात आणि घातल्यावर दोन तास सगळं अंधारून येतं, अशी ह्यांची तक्रार आहे. इथे आल्यावर जास्तच. खाऱ्या वाऱ्याने होत असेल, असं ह्यांचंच म्हणणं.

पत्र पुरं करते. नेहमीसारखं हे वाचतील आणि खाली दोन ओळी लिहितील.

तुमची धाकटी भावजय

ताई, समुद्र पाहिला. बराच मोठा आहे. घड्याळ जुनं पण जातिवंत आहे, नुसतं गंजलंय. ही औषधाची एक वेळ चुकवत नाही, इथेही बाटली घेऊन माझ्या मागे मागे. तू गुडघे शेकत जा. — टिक्या

*

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ती. ताई,

आमचं बरं चाललं आहे. मालकीणबाईंनी मला पोहायला शिकवायचा विडा उचलला आहे. काल त्यांनी मला पाठीखाली हात देऊन पाण्यावर आडवं केलं आणि म्हणाल्या, "अंग सोडा. तुम्ही नुसतं अंग सोडा." मी कसलं सोडतेय! त्यांच्या मानेला अशी मिठी मारली की दोघी बुडायच्या राहिलो. हे किनाऱ्यावर बसून हसत होते. हसण्याच्या आवाजावरून आम्ही कुठे आहोत ते त्यांना कळत होतं, असं मला नंतर जाणवलं.

कालचीच दुसरी गोष्ट. होड्या परत येत होत्या. मी बोट दाखवून म्हटलं, "ती बघा, निळी होडी." म्हणाले, "कुठे?" मी म्हटलं, "ही काय समोर, थोडी डावीकडे." मान डावीकडे गेली, वर गेली, खाली आली, परत उजवीकडे गेली. एवढ्या मोठ्या समुद्रात ते ती होडी हुडकत होते. सापडल्यावर लहान मुलासारखे ओरडले, "दिसली!" तोवर ती वाळूला लागली होती.

डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं होतं. ह्या आजारात कडा आधी जातात आणि मधलं शेवटपर्यंत राहतं. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. भिंगाखालचा स्क्रू दिसतो, पण शेजारचं दार दिसत नाही. आता उजव्या डोळ्यात काही उरलं नाही आणि डाव्यात नळीतून बघावं तेवढंच.

ताई, हे मी एवढं उघड लिहिते आहे, कारण आज सकाळी एक झालं. बुधवारचं पत्र ह्यांनी स्वतः वाचलं, पण एका पानाला अर्धा तास लागला. ओळीवर बोट ठेवून वाचत होते, तरी मध्येच ओळ हरवायची. आज मी कागद घेऊन बसले तर म्हणाले, "आजचं तूच वाचून दाखव. ऊन फार आहे." मी हो म्हटलं. म्हणजे आता मला हवं ते लिहिता येईल आणि वाचताना गाळता येईल. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ह्यांच्यापासून लपवून तुम्हाला एक ओळ लिहिली नव्हती. मला मोकळं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

तर गाळणार आहे ते हे. ऑपरेशन छोटं आहे असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं, ते खरं नाही. डॉक्टर म्हणाले, "इतक्या थकलेल्या नसेवर ऑपरेशन केलं तर कधीकधी उरलेलं दिसणंही जातं. सगळ्यांचं होत नाही, पण होतं. औषधाचा उपयोग झाला असता तर मी ह्या वाटेला गेलोच नसतो. पण महिनोन्‌महिने थेंब घालूनही दाब उतरलेला नाही, म्हणजे औषध ह्यांना लागूच पडत नाही. दुसरा इलाज नाही." मग म्हणाले, "त्याआधी त्यांना काही बघायचं असेल तर दाखवून आणा."

तेव्हा हे बाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईचं मनगटी घड्याळ कानाला लावून बघत होते. मी बाहेर येऊन म्हटलं, "आपण समुद्रावर जाऊ." म्हणाले, "आता मध्येच?" पण आले. मी सांगेन तिथे येतात.

आणि इथे आणून मी काय दाखवलं? भिंतीवरचं घड्याळ. तेही अर्धवटच. आज थेंब घातल्यावर तासाभराने परत कामाला बसले, तर बारीक स्क्रू पकडता येईना. तीनदा खाली पडला. मी गुडघ्यांवर बसून फरशीवर शोधला. चौथ्यांदा पडल्यावर सगळे भाग बशीत काढून ठेवले आणि म्हणाले, "उद्या बघू. वारा फार आहे." वारा नव्हता.

डॉक्टरांनी त्या दिवशी मला एक प्रश्नही विचारला होता. मी उत्तर दिलं. ते असो.

बाई जेवायला हाक मारत आहेत. आज ह्यांच्या दोन ओळी नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तूच लिही माझ्या वतीने, ताईला म्हणावं मजेत आहे."

ते मजेत आहेत.

तुमची

*

रविवार, १६ फेब्रुवारी

ताई,

आज मायना नाही, क्षेमकुशल नाही. मालकीणबाईंची मुलगी आपल्या गावातल्या शाळेत शिकवते. दोन दिवस आईकडे आली होती, उद्या सकाळच्या लाँचने परत जाते आहे. हे पत्र ती उद्या संध्याकाळी तुमच्या हातात देईल. टपालावर माझा भरवसा नाही, वेळ थोडा आहे. खुर्चीत नीट बसून वाचा.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "थेंब नियमित घालत होता ना?" मी म्हटलं, "एक वेळ चुकली नाही."

वेळ एकही चुकली नाही. पण बाटलीत औषध नव्हतं. सबंध नऊ महिने मी तुमच्या भावाच्या डोळ्यांत डोळे ओले ठेवायचे साधे थेंब घालत होते.

मी बावीस वर्षं लोकांना बजावते आहे की काचबिंदूचे थेंब एक दिवसही बंद करायचे नाहीत, आपल्याला काही जाणवत नसलं तरी आतून नुकसान होतच असतं. बोटाने बाटलीवर टकटक करून बजावते. माझं हे बोलणं ऐकून आमच्या दुकानातल्या पोरी माझी नक्कल करतात. आणि हे मी केलं.

कसं झालं ते सांगते, त्याने काही सुधारणार नाही. सुरुवातीचे दोन महिने खरेच थेंब घातले. ते थेंब बाहुली बारीक करतात, त्यामुळे अंधारून येतं आणि बारीक काही नीट दिसत नाही. बाकीच्यांना चालून जातं. ह्यांना कसं चालणार? आपल्या घड्याळांच्या दुकानात बसायचे आणि हात मांडीवर. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं घड्याळ ह्यांच्या हातून बिघडलं. तो रागावला नाही, उलट "असू दे" म्हणाला. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "आता मी कशाला उपयोगी?" ताई, तुम्ही त्यांना लहानपणापासून पाहिलंय. असं बोलणारा माणूस आहे का तो?

मला बघवलं नाही. एवढंच कारण आहे, दुसरं नाही. मी म्हटलं, चार दिवस. चार दिवस जरा हात चालू दे, मन ताळ्यावर आलं की परत सुरू करू. साध्या थेंबांची बाटली त्याच मापाची असते. रिकाम्या बाटलीवरचं लेबल वाफेवर धरलं की सुटतं. ते दुसरीवर चिकटवायला मला दोन मिनिटं लागली. हे काम सफाईने करता येईल अशी आपल्या सगळ्या घरात मीच एक होते.

पाचव्या दिवशी हे शीळ वाजवत घरी आले. म्हणाले, "औषध अंगवळणी पडलं बघ! आता काही त्रास नाही." दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. मग पुढच्या आठवड्यात. तपासणीची तारीख आली तेव्हा मी खोटंच सांगितलं की डॉक्टर रजेवर आहेत. दुसऱ्यांदाही सांगितलं. मग तुमच्याकडे जेवायला आलो होतो, आठवतं? सगळ्यांसमोर हे म्हणाले, "ही नसती तर मी आंधळा झालो असतो." तुम्ही माझ्या तोंडावरून हात फिरवलात. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तीन आठवड्यांपूर्वी तपासणीत कळलं तेव्हापासून मी खरे थेंब घालते आहे. खाऱ्या वाऱ्याचं काही नाही. खरं औषध आहे म्हणून झोंबतं आणि खरं औषध आहे म्हणून अंधारतं. म्हणजे बघा, डोळे वाचवायचे तर समुद्र दिसत नाही, आणि समुद्र दाखवायचा तर थेंब बंद करायचे. रोज सकाळी बाटली हातात घेते आणि लेबल पुन्हा पुन्हा वाचत राहते. हे म्हणतात, "अगं घाल लवकर, मान दुखली."

शुक्रवारचं पत्र टाकल्यावर मी ठरवलं, ह्यांना सांगायचं. काल सकाळी किनाऱ्यावर चालत होतो. कोळ्याने वाळूवर जाळं पसरलं होतं, त्याची दोरी ह्यांच्या उजव्या पायात आली आणि हे सपशेल पालथे पडले. कोळी ओरडला, "अहो काका, बघून चाला की! केवढं जाळं आहे!" हे उठले, तोंडातली वाळू थुंकली आणि त्यालाच म्हणाले, "चुकलं हो. फाटलं नाही ना?" मला त्या क्षणी असह्य झालं. तिथेच वाळूत खाली बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. बाटली, लेबल, डॉक्टर, ऑपरेशनचा धोका, सगळं. एका दमात.

मला वाटलं, आता उठून जातील. मारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. गुडघ्यावरची वाळू झटकत म्हणाले, "झालं सांगून?"

"झालं."

"ऑपरेशनचं डॉक्टरांनी सांगितलं म्हणतेस, ते खरं असणार. तुझ्या चेहऱ्यावरून मला तेव्हाच शंका आली होती. ते होईल ते होईल." मग माझा हात शोधून हातात घेतला आणि म्हणाले, "पण बाकीचं कशाला बोलतेस असं? उगाच स्वतःवर ओढून घेऊ नकोस."

"उगाच नाही. मी केलंय."

"अगं, वडील गेले तेव्हा आईसुद्धा अशीच म्हणायची. मीच त्यांना पावसात बाहेर पाठवलं, मीच मारलं. वर्षभर म्हणत होती. ताईने किती समजूत घातली तिची! माणूस दुःखात असलं की असं होतं."

मी त्यांचे खांदे धरून हलवले. म्हटलं, "अहो, मी लेबल काढलं. ह्या हातांनी काढलं."

तर हसले. ताई, ते हसले. म्हणाले, "तू? पाकिटावर मुदत संपायला महिना राहिला तरी तू गिऱ्हाइकाला औषध देत नाहीस. तू माझ्या डोळ्यांत भलतं काही घालशील? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याला मी उभा जाळला असता." आणि मला जवळ घेऊन पाठ थोपटत बसले. जाळं आवरणारा कोळी आमच्याकडे बघून मान वळवून निघून गेला.

त्यानंतर तीनदा सांगून पाहिलं. रडून सांगितलं, शांतपणे सांगितलं, शेवटी भांडले. ऐकून घेतात आणि पाणी आणून देतात. मालकीणबाईंना सांगून ठेवलंय की माझी बायको फार हळवी आहे, तिने मनाला लावून घेतलंय, तिच्याशी जरा जपून बोला. आता बाई मला पोहायला नेत नाहीत. जेवताना माझ्यापुढे पहिल्यांदा ताट येतं. ज्याचे डोळे गेले तो माझी शुश्रूषा करतो आहे. मी हात टेकले.

तुमच्या आईचं ते खरं नव्हतं, ताई. माझं खरं आहे.

आता काय करायचं ते लिहिते. मंगळवारी मी डॉक्टरांना सांगेनच. पण हे माझ्या शेजारी बसलेले असतील, माझ्या हातावर हात ठेवून डॉक्टरांना सांगतील की ती दोन रात्री झोपलेली नाही. आणि डॉक्टर ह्यांचं ऐकतील, कारण त्यांच्यासमोर मी आधी छातीठोकपणे हो म्हटलेलं आहे. माझ्या बोलण्याला आता काही अर्थ उरलेला नाही. म्हणून तुम्ही मंगळवारी सकाळी आमच्या घरी जा. किल्ली खालच्या शिंप्याकडे आहे. आमच्या खोलीतल्या कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात जाड रजई आहे, तिच्या घडीत कागदी पिशवी आहे. तिच्यात खऱ्या औषधाच्या नऊ बाटल्या आहेत. दर महिन्याला ह्यांच्या देखत नवी बाटली आणायचे आणि मग गुपचूप तिथे ठेवायचे. नऊच्या नऊ सीलबंद आहेत. टाकून द्यायला माझा हात धजला नाही.

त्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या टेबलावर ठेवा. एकही उघडलेली नाही हे त्यांना हातात घेऊन बघू दे. मग विचारा की औषध लागू पडत नाही असं तुम्ही म्हणालात, पण औषध दिलंच गेलं नव्हतं, तर ऑपरेशन थांबवून आधी थेंबांनी दाब उतरतो का ते बघता येईल का? ते रागावतील. रागावू दे, माझ्यावर काय करायचं ते करू दे. कदाचित म्हणतील की आता उशीर झाला, ऑपरेशनच करावं लागेल. तसं असेल तर तसं. पण निदान खरं कळल्यावर म्हणू दे.

ह्यांना तुम्हीच सांगा. तुमचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. सांगताना माझी बाजू घेऊ नका. तुम्ही जरा जरी मऊ बोललात तर ते परत म्हणतील की ताईसुद्धा माझी समजूत काढते आहे.

आत्ता ते बाहेर ओट्यावर बसले आहेत. मी पडले आहे असं त्यांना वाटतं. तिकडून दर पाच मिनिटांनी विचारतात, "बरं वाटतंय ना?" आणि मी "हो" म्हणते. दुसरं काय म्हणू?

मला माफ करा असं मी लिहिणार नाही. ते पुढे कधी जमलं तर बघा, नाही जमलं तरी माझी तक्रार नाही. फक्त एवढं करा. तुम्ही मला तीस वर्षं चांगली बाई मानलंत, ते मंगळवारपुरतं विसरा आणि मी लिहिलंय ते खरं माना. आता मला खोटं ठरवू नका, ताई.

नऊ महिने तुमच्या भावाला फसवणारी,
तुमची भावजय